शेपेची बाटली

काकूंनी ती बाटली सांडशीत धरली होती. चुलीवरनं तापलेलं पातेलं उतरवावं तशी, हात लांब करून. मी मोरीत लेकराला धुवायले होते, माझे हात ओले, पोरगी नागडी, आन दारात काकू म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, त्यांच्या मागं त्यांची बहीण, दोघी तोंडाला पदर लावून.

"ही बाटली कशाची?"

"शेपेची," मी म्हणलं. "मीच दिली की वहिनीला."

"शेपेच्या आधी कशाची होती?"

पोरगी हातातून निसटून ओल्या फरशीवर बसली आन पाण्यावर हात आपटायला लागली, फटाक फटाक, आन मी निस्ती त्या बाटलीकडं बघायले. पांढरी, जाड झाकणाची. वर कागद नाय, काही नाय. मी सोता गरम पाण्यात भिजवून कागद काढला होता, नखानं त्याचा चिक खरवडला होता. तरी बी ओळखली.

"मी रोज बघते असल्या," मागून बहीण बोलली. त्या एका दवाखान्यात आयाबाईचं काम करतात, त्यांना आम्ही सगळे मौशी म्हणतो. "खिडकीवर वाटतात. एड्सवाल्यायला."

काकू म्हणल्या, "संध्याकाळपर्यंत खोली खाली कर. आन नळाला हात लावायचा नाय."

बाटली त्यांनी उंबऱ्याबाहेर ठिवली आन सांडशी बी तिथंच टाकून दिली. चांगली सांडशी होती, स्टीलची, नवी. मला का कुणास ठाऊक, बाटलीपेक्षा सांडशीचं जास्त लागलं.

मी दार लावलं, कडी घातली, ओल्या लेकराला तसंच छातीशी धरून खाली बसले. बाहेर बायायचा आवाज. कुणीतरी विचारायलं, काय झालं, काय झालं. मला वाटलं आता दाराच्या फटीतून सगळं आत येणार, पाण्यासारखं.

मी आठवीपर्यंत शिकले. लिहायची सवय नाय, म्हणून जसं बोलते तसंच लिहिते, एका दमात. नावं कुणाची लिहीत नाय.

मला एचआयव्ही हाय. पोरगी पोटात असताना तपासणीत निघालं. मग ह्यांचं तपासलं, ह्यांना बी. कुणापासून कुणाला आलं म्हणून आम्ही आधी लई भांडलो. मग भांडायचं सोडलं, कारण भांडणाच्या नादात गोळी चुकायली होती. रोज एक गोळी, जेवल्यावर. ती घेतली की माणूस चांगलं राहतं, कामाला जातं, भाकरी थापतं, हसतं. मला बघून कुणी म्हणणार नाय हिला काही हाय म्हणून.

गोळ्या घेणाऱ्या बायायच्या काही रीती असतात. शिकवत कुणी नाय, खिडकीपुढच्या रांगेत एकमेकीचं बघून येतात. बाटली पिशवीत वाजती, म्हणून आत कापूस कोंबायचा. वरचा कागद काढायचा. रिकामी बाटली आपल्या गल्लीच्या घंटागाडीत टाकायची नाय, कारण कुणाच्या कचऱ्यात काय हे गाडीवाल्याच्या आधी शेजारणीला कळतं. माझं सासर पैठणकडं. सासरी जायचं असलं की मी रिकाम्या बाटल्या पिशवीच्या तळाला घालायचे आन बसस्टँडवरच्या कचऱ्यात टाकायचे.

एक नाय टाकली. तिचं झाकण लई घट्ट होतं, मुंगी जायची नाय, ओल जायची नाय. माझं माहेर दौलताबादचं, आई किल्ल्याखाली रस्त्याच्या कडंला सीताफळं विकती. आमच्या घरात झाकणाची वस्तू कुणी फेकलेली मी जन्मात बघितली नाय. उकळत्या पाण्यातून काढली, उन्हात वाळवली, ठिवून दिली.

मग काकूंची सून, आमची वहिनी, बाळंत झाली. वरच्या मजल्यावर राहतात ते लोक, खाली आम्ही तीन बिऱ्हाडं भाड्यानं. मुलगा झाला. आता बाळंतिणीला बघायला काही रिकाम्या हातानं जात नसतात. कुणी डिंकाचे लाडू नेले, कुणी खारीक-खोबरं. माझ्याकडं आईनं भाजून दिलेली बाळंतशेप होती, ओवा अन् खोबरं घातलेली. जेवल्यावर चिमूटभर खायची, पोट धरत नाय, अंगावर दूध उतरतं. कशात नेऊ, म्हणून हात फिरवला फळीवर आन ती बाटली हाताला लागली. मनात काही आलंच नाय. खरं सांगते, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी कुणाच्या घरी काहीतरी द्यायला चालले होते, त्या आनंदात होते.

वहिनीला लई आवडली. काकूंनी बी खाल्ली. मग मौशी बाळ बघायला आल्या, जेवल्या, चिमूटभर तोंडात टाकली, चावत चावत बाटली फिरवून बघितली. तोंडातली थुंकायला मोरीकडं पळाल्या म्हणं.

तर अशी बाटली.

हे वाळूजला कंपनीत आहेत, ठेक्यावर. आत मोबाईल नेऊ देत नाय. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आल्यावर ह्यांनी माझा फोन येऊन गेलेला बघितला आन तसेच आले, डबा बी न खाता. दारातली सांडशी ओलांडून आत आले. मी सांगितलं. ह्यांनी पायातले बूट काढले नाय, तसेच बसून राहिले.

"गावी जाऊ," हे म्हणले.

"जायचं नाय."

"मग काय करायचं? पोलीस यायची वाट बघायची?"

"पोलीस कामून येतील? आपण काय चोरी केली?"

"लोक चोरी करून बी राहतात गं इथं," हे म्हणले. "त्यायला खोली मिळती."

गावी काय होतं ते मला ठाऊक होतं. आधीची खोली आम्ही अशीच सोडली होती. तिथं तर कुणी काही म्हणलं बी नव्हतं. मालकानं सहज विचारलं, एवढं काय दवाखान्यात जाता, आन आम्ही एवढे घाबरलो की दुसऱ्या दिवशी बोचकं उचलून सासरी. तिथं सासूबाईंनी माझ्या ताटाला खालून खिळ्यानं खूण केली. मी पाजते म्हणून लेकराच्या वाटीला बी केली. गोळ्या संपल्या की बस धरून शहरात यायचं, दिवस मोडायचा, रोज बुडायचा, आन सासूबाई म्हणायच्या, एवढी धडधाकट दिसती, कशाला नाचायली दवाखान्यात. गोळी चुकली. मग अजून चुकली. मी अशी पडले की लेकराला उचलून घ्यायला हातात जीव राहिला नाय. वापस शहरात येऊन ही खोली घेतली तवाच मी ठरवलं होतं, ह्यापुढं खोली अशी सोडायची असली तर आधी पाय तुटले पाहिजेत.

ह्या खोलीतून गोळ्यांच्या खिडकीपर्यंत मी चालत जाते, लेकरू कडेवर घेऊन. आन लेकराची शेवटची तपासणी राहिली होती. आमच्यासारख्यांच्या लेकरायची तपासणी आधी दोन-तीनदा करतात, ती चांगली आली तरी शेवटची दीड वर्षाचं झाल्यावर असती. ती झाली की मग खात्रीनं सांगतात, लेकराला हाय का नाय. ती होईस्तोवर मला खोली सोडायची नव्हती. एवढंच होतं माझ्या डोक्यात. खोली.

संध्याकाळ झाली, आम्ही खोली खाली केली नाय. काकू वरनं बघून गेल्या. निस्ता माझा पाईप नळावरून काढून त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला, उंच, माझा हात पुरणार नाय असा.

आता हे आमच्या शहरातल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाय. आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा. ज्या दिवशी पाणी सुटतं त्या दिवशी कुणी कामाला जात नाय, कुणी कुणाच्या मयतीला बी जात नाय म्हणतात. अंगणात एकच नळ, त्याला मोटर. एकेकीनं आपला पाईप लावायचा, ड्रम भरायचा, मग दुसरीनं. तो एक दिवस चुकला की पुढचा आठवडा तुम्ही लोकायच्या दारात हंडा घेऊन उभ्या. पाईप काढला म्हणजे खोली खाली करा म्हणायची गरजच राहत नाय.

दुसऱ्या दिवशी मी गोळ्यांच्या खिडकीमागं बसणाऱ्या ताईकडं गेले. ताई समजावून सांगायचं काम करतात, आपलं ऐकून घेतात. मी बसायच्या आधीच रडायला लागले. त्यांनी लेकराला बिस्कीट दिलं आन मला पाणी, त्यांच्याच ग्लासात.

मी म्हणलं, "ताई, आता कुठं जाऊ?"

"कुठं जायचं कशाला?" ताई म्हणल्या. "ह्या आजारामुळं भाड्याच्या घरातून काढता येत नाही. तसा कायदा आहे. पाणी बंद करता येत नाही. आणि दवाखान्यात काम करणाऱ्या बाईनं तुझं बाहेर सांगणं, तेही कायद्यात बसत नाही."

"कायदा काकूंला ठाऊक हाय का?"

ताई हसल्या. "नसणार. मी येऊन सांगते. पण तू म्हणशील तेव्हाच येईन. मी आले की लोक विचारतील मी कोण, कुठली. तुझ्या मनाची तयारी झाली की सांग."

मी म्हणलं, सांगते. वापस येताना रस्ताभर मी ते मनात घोकत आले, काढता येत नाय, बंद करता येत नाय, शाळेत पाढे घोकायचे तसं. गल्लीच्या तोंडाशी आले आन सगळं विसरले, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला धरून उभी राहिले. दुकानदार म्हणला, काय पाहिजे. मी म्हणलं, काडेपेटी. घरात तीन काडेपेट्या होत्या.

शेजारच्या खोलीत आपा राहतात, सिल्लोडच्या. वयानं माझ्या आईएवढ्या, बुरख्याला काचा-मणी लावायचं काम घरी आणून करतात. माझी पोरगी दिवसभर त्यांच्याच उंबऱ्यात असायची. बाटलीच्या दिवसापासून त्यांनी दार ओढून घेतलं होतं. पोरगी जाऊन दारावर थापा मारायची, आऽपा, आऽपा. आतून आवाज नाय. ते मला लई झोंबायचं.

मग एक दिवस दुपारी त्या आपल्या आपण आल्या, एक भरलेली कळशी घेऊन, आन उंबऱ्यात टेकवली.

"मेरेकू बी डर लगा," त्या म्हणल्या. "झूट नहीं बोलती. दो दिन डर लगा. फिर सोची, ये पोट्टी मेरे थाली में से कितना खायी, मैं इसका जूठा कितना खायी. होना रहता तो हो जाता ना."

मी रडायला लागले.

"कायकू रोती? रोने से नल को पानी आता क्या?"

मला रडता रडता हसू आलं. आपांनी लेकराला उचललं. तिनं लगेच त्यांच्या कानातल्या झुमक्याला हात घातला, जसं काही मधी काही झालंच नव्हतं.

पाणी सुटायच्या आदल्या दिवशी काकू आल्या. एकट्याच. ह्या वेळी पदर तोंडाला नव्हता. उंबऱ्याच्या आत नाय आल्या, पण बाहेर पायरीवर बसल्या.

"बस," मला म्हणल्या, माझ्याच घरात. मी बसले.

"हे बघ पोरी. मला तुझं वाईट करायचं नाय. तू राहती तशी दुसरी भाडेकरू मला मिळायची नाय, भांडण नाय, तंटा नाय. पण पलीकडच्या खोलीतले म्हणायले, ती राहिली तर आम्ही जातो. आन नातवाचं बारसं तोंडावर आलंय. चार पाहुणे येणार. मौशीच्या तोंडाला काय कुलूप लावू मी?"

मी पोरीला मांडीवर ओढलं.

"उद्या पाणी सुटलं की सगळ्या बाया अंगणात असतात. सगळ्यांसमोर लेकराच्या डोक्यावर हात ठिव आन म्हण, मला तसलं काही नाय. एवढंच. मी सांगते मौशीची चूक झाली, बाटली दुसऱ्याच गोळीची होती. विषय मिटला. तुझा पाईप मी सोता लावते."

"आन खरं असलं तर, काकू?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं.

"ते मी विचारलं का तुला?" त्या म्हणल्या, आन उठून गेल्या.

आता तुम्हाला शपथेचं सांगते. आमच्यात कुणी देवाची शपथ घेतली, आईची घेतली तर लोक हसतात, हां हां म्हणतात. पण लेकराच्या डोक्यावर हात ठिवून बोललं की बोलणं संपलं. मग कुणी पुढं विचारत नाय. कारण खोटी असली तर ती लेकराला लागती, आन कोणती माय आपल्या लेकराला लावून घेईल. माझ्या आईनं एकदा चुलत्याला जमिनीच्या भांडणात म्हणलं होतं, ठिव पोराच्या डोक्यावर हात. चुलता पंचांसमोरून उठून गेला होता. तिथंच कळलं सगळ्यायला.

हे आल्यावर मी सांगितलं. हे एकदम उठून बसले.

"मग घे की."

"काय घे की?"

"शपथ. काकू सोता रस्ता देऊ लागल्या. शपथ म्हणजे तोंडातली हवा. त्यानं काय होतंय?"

"काही नाय होत ना?"

"काही नाय."

"मग तुम्ही ठिवा हात," मी म्हणलं. "इथंच. आपल्या दोघांतच. म्हणा, मला तसलं काही नाय."

लेकरू मधी बसलं होतं, चमचा चोखत. ह्यांनी हात पुढं केला. अगदी डोक्यापाशी नेला. मग तिच्या कपाळावरचे केस मागं सारल्यासारखं केलं आन हात काढून घेतला.

"तपासणी व्हायचीय अजून," हे खाली बघून म्हणले.

"व्हय," मी म्हणलं.

मी भाकरी टाकल्या, आम्ही जेवलो, गोळ्या घेतल्या. ह्यांनी रोजच्यासारखा माझ्या हातावर पाण्याचा तांब्या दिला. त्या तांब्यात तळाला थोडंच पाणी होतं. ड्रम वाजायला लागला होता.

माझा शपथेवर विश्वास हाय का? मी खूप विचार केला त्याचा. दवाखान्यात इतक्या वेळा जाऊन मला एवढं कळतं की आजार रक्तात असतो, बोलण्यात नसतो. लेकराला व्हायचं असंल तर झालंय, नसंल तर नाय. माझ्या हातानं काही बदलायचं नाय. हे डोक्याला कळायलं होतं. पण हाताला कळत नव्हतं. आन दुसरं पण होतं. शपथ घेतली की मला कायमचं ते खोटं सांभाळत बसावं लागणार. प्रत्येक बाटली, प्रत्येक रांग, मौशी भेटल्या की खाली मान. आन उद्या पुन्हा कुणी ओळखलं की म्हणणार, बघा, लेकराच्या डोक्यावर हात ठिवून खोटं बोलली ही. मग मला कोणता कायदा वाचवणार?

पाणी सकाळी सुटलं. गल्लीत ओरड झाली, आलं आलं, आन सगळ्या दारायतून ड्रम घसरायचा आवाज. मी पोरीला कडेवर घेऊन अंगणात गेले. पलीकडच्या बिऱ्हाडाची बाई, तिची सासू, समोरच्या घरच्या दोघी, आपा, कठड्याला टेकलेल्या मौशी. काकू नळापाशी. माझा पाईप वर खिळ्याला.

मोटर चालू झाली. पलीकडच्या बाईचा ड्रम भरायला लागला.

काकू म्हणल्या, "हां, बोल आता. हिला काहीतरी सांगायचंय सगळ्यायला."

निस्तं पाणी वाजायलं. मी माझा हात उचलला. आता लिहिताना बी तो हात मला दिसतो, वाळलेलं पीठ नखात अडकलेला. पोरीला वाटलं मी खेळायले, तिनं माझं बोट धरलं, आन ओढून तोंडात घातलं, आन पुढच्या दातांनी चावली.

मी म्हणलं, "मी शपथ घेत नाय."

माझा आवाज मलाच आला नाय नीट. म्हणून पुन्हा म्हणलं.

"मी शपथ घेत नाय. मौशी बोलल्या ते खरं हाय. ती बाटली माझ्या गोळ्यांची होती, मी उकळून घेतली होती. मला एचआयव्ही हाय. मी रोज गोळी घेते. शेपेनं लागत नाय, पाण्यानं लागत नाय, एका नळानं लागत नाय. आन मी खोली सोडत नाय. ह्याच्यावरून कुणाला काढता येत नाय, तसा कायदा हाय. माहिती पाहिजे तर गोळ्या देतात तिथल्या ताई येऊन सांगतील, मी आज जाऊन त्यांना या म्हणणार हाय."

ड्रम भरून वाहायला लागला होता, कुणाचं लक्ष नव्हतं. आठवड्याचं पाणी अंगणभर चाललं होतं, सगळ्यायच्या पायाखालून.

"अगं पाणी, पाणी," पलीकडची सासू ओरडली, आन तिची सून पाईप काढायला पळाली.

"निलाजरी," मौशी म्हणल्या. "वर तोंड करून सांगती. आम्ही खाल्ली ती शेप."

तवा वरच्या खिडकीतून वहिनीचा आवाज आला. बाळंतीण, कानाला फडकं बांधलेली, मांडीवर पोरगं. "मौशी, तुम्ही चिमूटभर खाल्ली. मी तर बाटली संपवत आणली. आता काय पोट फाडून बाहेर काढता का? आन आत्याबाई, तो पाईप खाली द्या त्यांना. मोटर जळंल."

कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटतं आपा.

काकू हलल्या नाय. मग मी पोरगी आपाकडं दिली, घरातनं स्टूल आणलं, त्यावर चढले आन खिळ्यावरचा पाईप सोता काढला. रांगेत उभी राहिले. माझी पाळी शेवटची आली, पाणी बारीक झालं होतं, ड्रम अर्धाच भरला. पण भरला.

ताई आल्या. काकूंच्या घरी बसल्या, चहा घेतला, काय बोलणं झालं मला ठाऊक नाय. पलीकडचं बिऱ्हाड पुढच्याच महिन्यात गेलं. जाताना त्या बाईनं माझ्याकडं बघितलं नाय. ती खोली अजून रिकामी हाय, आन त्याचा राग काकूंच्या डोळ्यात मला रोज दिसतो. माझ्याशी त्या बोलत नाय. भाडं ह्यांच्या हातून घेतात. नळाची माझी पाळी अजून बी शेवटचीच. बारशाला मला बोलावलं नाय, पण दुसऱ्या दिवशी उंबऱ्यात घुगऱ्या ठिवलेल्या होत्या. कागदी द्रोणात. आपाच्या दारात बी ठिवल्या होत्या, त्या स्टीलच्या वाटीत.

मी खाल्ल्या. द्रोण धुवून फळीवर ठिवला, मग हसू आलं आन टाकून दिला.

ती सांडशी मी रोज वापरते. कुणी मागायला आलं नाय.

लेकराची तपासणी झाली. काही नाय तिला. ताईनं सांगितलं तवा मी तिथंच फरशीवर बसले. घरी येऊन ह्यांना सांगितलं, हे लेकराला छातीशी धरून लई वेळ उभे राहिले, मग म्हणले, "बघ. म्हणजे शपथ घेतली असती तरी चाललं असतं."

कधी कधी मला बी वाटतं. ड्रम अर्धा राहतो तवा वाटतं. पोरीला घेऊन गल्लीतनं जाताना एखादी बाई आपलं लेकरू अलगद बाजूला ओढती, तवा वाटतं. चार शब्द होते. काकूंनी सोता पाईप लावला असता.

म्हणून तुम्हालाच विचारते. मोटर चालू हाय, सगळ्या बाया तुमच्याकडं बघायल्या, घरात ड्रम कोरडा हाय. तपासणी अजून व्हायचीय. लेकराचं डोकं तुमच्या हाताखाली, ऊन ऊन, नुकतं तेल लावलेलं.

तुम्ही काय केलं असतं?